सालीवरची तीन भोकं

ओढ्यापलीकडच्या माळावर एक साळिंदर राहत असे. बिळं खणण्यात त्याचा हात धरणारं त्या रानात कुणी नव्हतं. पुढचं दार, मागचं दार, मध्ये एक वळण आणि पिल्लांसाठी कोरडी खोली, असा त्याच्या बिळाचा थाट! कुणी मागितलं, की तो आपल्याच काट्याने झाडाच्या सालीवर बिळाचा आराखडा कोरून देई आणि कोपऱ्यात तीन भोकं पाडी. ती त्याची खूण. मग बजावून सांगे, "यावरून स्वतःचं बीळ खुशाल खणा. पण याची नक्कल करून कुणाला देऊ नका. ज्याला हवी त्याला माझ्याकडे धाडा. मी कुणाला नाही म्हणत नाही."

अशी एक साल मुंगसालाही मिळाली. मुंगूस मनाचा मोकळा, पण कौतुकाचा भारी भुकेला. त्याचं नवं बीळ पाहून शेजारची खोकडीण म्हणाली, "भाऊ, मला पिल्लं व्हायचीत. असलंच बीळ हवं बघा." साळिंदराचं घर ओढा ओलांडून लांब होतं. "एवढ्यासाठी तिकडे कशाला जातेस? मी देतो की!" असं म्हणून मुंगसाने नखाने नक्कल उतरवून दिली. भोकं मात्र पाडली नाहीत. चांगल्या सालीला भोकं कशाला, असं त्याला वाटलं. "केवढं मोठं मन तुमचं!" खोकडीण म्हणाली, आणि खरं सांगायचं तर मुलांनो, ते ऐकायला मुंगसाला फार गोड वाटलं. मग घोरपडीला एक दिली, उंदरांना दोन दिल्या. वाटल्याने कुणाचं काय बिघडतं? साळिंदरच उगीच कटकट्या, असं त्याने ठरवून टाकलं.

उन्हाळ्यात एका दुपारी साळिंदर धापा टाकत मुंगसाच्या दारात आला. "मागचं दार आधी बुजव! माझ्या आराखड्यात चूक निघाली. काल गवत पेटलं, तर त्याच पश्चिमेच्या दारातून धूर सरळ पिल्लांच्या खोलीत शिरला. आता टेकडीकडून वणवा येतोय. साल दिलेल्या बाकी आठांना सांगून झालं, तूच तेवढा राहिला होतास."

"नऊच नाहीत, दादा," मुंगूस म्हणाला. "मी पण वाटल्या."

"कुणाकुणाला?"

"खोकडीण, घोरपड, उंदीर... आणि उंदरांनी पुढे कुणाला दिल्या, ते मला नाही माहीत."

साळिंदर लगेच वळला. "रागवायला उद्या वेळ आहे. घोरपडीकडे आणि उंदरांकडे मी जातो. तू खोकडीण गाठ!"

मुंगूस जिवाच्या आकांताने पळाला. खोकडिणीच्या मागच्या दारातून धूर आत ओढला जात होता. त्याची हाक ऐकून ती एक पिल्लू तोंडात धरून बाहेर आली, पुन्हा आत शिरून दुसरं घेऊन आली आणि खोकत खाली कोसळली. तिसऱ्यासाठी मुंगूस आत घुसला. बाहेर आला तेव्हा त्याच्या मिशा जळाल्या होत्या, पण पिल्लू कुईकुई करत होतं.

वणवा विझल्यावर खोकडीण म्हणाली, "भाऊ, मला वाटलं आराखडा तुमचाच. सालीवर खूण असती, तर ती कुणाची म्हणून विचारलं नसतं का? मी स्वतः गेले असते त्यांच्याकडे." घोरपड आणि उंदीर वाचले होते. पण काळ्या पडलेल्या रानात त्याच आराखड्याची आणखी दोन बिळं सापडली. त्यांत कोण राहत होतं ते कुणालाच सांगता येईना, आणि आतून कुणी बाहेरही आलं नाही.

मुंगसाने वाटलेल्या साली गोळा करून साळिंदरापुढे ठेवल्या. साळिंदराने त्यांवर नवं दार कोरलं, प्रत्येकीवर तीन भोकं पाडली आणि ज्याची त्याला स्वतःच्या हाताने दिली. त्यानंतर कुणी आराखडा मागितला, की मुंगूस उठून म्हणे, "चल, मी तुला त्याच्या घरापर्यंत सोडतो."

तात्पर्य : दुसऱ्याने केलेली गोष्ट वापरायची परवानगी मिळाली, म्हणून ती वाटायची परवानगी मिळत नाही, ती पुढे द्यायची तर आधी करणाऱ्याला विचारावं आणि त्याची खूण कधी पुसू नये.