कुठेही चालेल म्हणणारी सोनकी

एक होता डोंगर. त्याच्या माथ्यावर ढग एकदा आले की मुक्कामच ठोकायचे, उठायचं नाव नाही. त्या ढगांखाली, ओल्या गवताच्या कडेला, एक इवलंसं कौलारू घर होतं आणि त्या घरात सोनकी नावाची आठ वर्षांची मुलगी राहायची. पावसाळा सरता सरता डोंगरावर पिवळीधमक सोनकीची फुलं उमलतात ना, त्यांच्यावरून आईने तिचं नाव ठेवलं होतं. आई मात्र आता नव्हती. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत ती आजारी पडली आणि गेली.

घरात माणसं तशी होती, बरं का. बाबा होते, यमूआत्या होती, भिवाकाका होता. पण आई गेल्यापासून प्रत्येकाने आपापला कोपरा धरला होता. बाबा पहाटेच लाकडाच्या मोळ्या वाहायला जायचे आणि परत आले की भिंतीकडे तोंड करून पडायचे. आत्या गोधड्या शिवायची आणि टाक्या-टाक्याला सुस्कारे टाकायची. काकाची ढोलकी खुंटीला लटकलेली आणि काका अंगणात गुडघे जवळ घेऊन बसलेला. जेवायलासुद्धा तिघं तीन वेळांना यायची. सोनकी तीनदा पानं घ्यायची आणि सगळ्यांत शेवटी चुलीपाशी बसून एकटीच जेवायची.

तिला कोणी काही म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं.

"सोने, भाकरी गार झाली गं."

"चालेल."

"यंदा नवा फ्रॉक नाही हं. जुन्यालाच ठिगळ लावू."

"चालेल."

"शेजारची मुलं खालच्या गावात राहायला गेली. आता तुला एकटीलाच खेळावं लागणार."

"चालेल की!" असं म्हणून ती हसायची, मग परसात जाऊन कोंबडीशी गप्पा मारायची. कोंबडी काही बोलायची नाही. तरी सोनकी तिला दिवसभराचं सगळं सांगायची.

किती गुणाची पोर, असं लोक म्हणायचे. गुणाची होतीच ती. पण तिच्या मनात काय आहे हे विचारायला कोणालाच सवड नव्हती. आणि खरं सांगायचं तर सोनकी फार फार एकटी होती.

एके दिवशी सकाळी ती काटक्या गोळा करायला रानात गेली. धुकं असं दाट होतं की स्वतःचीच पावलं दिसेनात. तेवढ्यात कारवीच्या जांभळ्या झुडपाखालून आवाज आला, "आ... आ... आक्छी!"

सोनकीने वाकून पाहिलं. पानांच्या ओल्या ढिगात एक वीतभर परी बसली होती! तिचा झगा हिरवानिळा, झुळझुळीत. केसांत चिमुकले मोती. पंख शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे, जरा हलले की गुलाबी दिसायचे, जरा वळले की चंदेरी. पण ते पंख धुक्याने चिंब भिजून पाठीला चिकटले होते आणि बिचारी परी थडथड कापत होती.

"अगं बाई, तू इथे कशी?" सोनकी म्हणाली.

"मी लाटुली," परी म्हणाली आणि पुन्हा शिंकली. "उबदार किनाऱ्यांची परी आहे मी. वाऱ्याने मला उचललं आणि इथे आणून टाकलं. कसला गं हा तुमचा डोंगर! इथे ऊन ठेवता तरी कुठे तुम्ही?"

सोनकीला हसू आलं. तिने डोक्यावरची लोकरीची कानटोपी काढली आणि परीला तिच्यात अलगद गुंडाळलं. सोनकीचे स्वतःचे कान गारठून लालभडक झाले, तरी तिने टोपी छातीशी धरून फुंकर घालून घालून ऊब दिली. न्याहारीची अर्धी भाकरी होती, त्यावर गुळाचा खडा होता. तो सगळा गूळ तिने परीला दिला.

दुपार व्हायला आली तेव्हा कुठे पंख वाळले. परी भुर्रकन उडाली आणि सोनकीच्या नाकासमोर येऊन थांबली.

"सोनुकले, तू मला ऊब दिलीस. आता मी तुला ऊब देणार. तुझ्या घरातल्या सगळ्यांना चार दिवसांची समुद्राची सुट्टी! मऊ वाळू, कोवळं ऊन, निळंशार पाणी. पण आमचे नियम आहेत हं. एक म्हणजे किनारा एकच मिळणार. दुसरं, जाणाऱ्या सगळ्यांनी तोच किनारा मागायला हवा, आणि तोही आज सूर्य बुडायच्या आत. नाहीतर ही सुट्टी गेली ती गेलीच. आणि जपून बोलायचं. आमच्या राज्यात माणूस जे बोलतो, शब्दन् शब्द, तेच खरं धरतात."

सोनकी धावतच घरी आली. तिच्या डोळ्यांसमोर चौघंजण एका ओळीत वाळूवर बसलेली दिसत होती. आई गेल्यावर पहिल्यांदाच तिला एवढा आनंद झाला होता.

तिने सगळं सांगितलं. भिंतीकडे वळलेले बाबा इकडे वळले. "समुद्र? मग असा किनारा मागा जिथे चिटपाखरू नसेल. मला नुसतं वाळूवर आडवं पडायचंय. कोणी उठवायचं नाही."

"पडायला घर आहे की, दादा!" आत्या म्हणाली. "एवढं लांब जायचं ते तिथलं काही बघायला. जुनं देऊळ हवं, रंगीत होड्या हव्यात. तिथल्या बायका कोणती गाणी म्हणतात, मासळीच्या कालवणात काय घालतात, ते नको का बघायला?"

"देवळं आणि कालवणं!" काकाने कपाळाला हात लावला. "मला संध्याकाळची मजा पाहिजे. दिव्यांच्या माळा, ढोल, नाच. आठला निजायचं तर हा डोंगर काय वाईट आहे?"

"तू नाच, मी झोपू कसा?"

"आणि तुम्ही झोपलात की मी देवळात एकटी जाऊ?"

झालं! आवाज चढले. तिघांनी पुन्हा तीन कोपरे धरले. सोनकी मध्ये उभी होती आणि तिला कोणीच काही विचारलं नाही. ती हळूच दार लोटून बाहेर पडली. रानाच्या वाटेवर तिला रडू आलं, पण डोळे पुसणारं कोणी नव्हतं, म्हणून तिने ते आपले आपणच पुसले.

"मग, कोणता किनारा?" लाटुलीने विचारलं.

"तिघांना तीन हवेत," सोनकी म्हणाली. "त्यांचं जमत नाही."

"आणि तुला कोणता हवा?"

असं तिला कोणी विचारतच नसे. ती गोंधळली आणि सवयीने म्हणून गेली, "मला काय, मला कुठेही चालेल."

परीने दोन्ही हात तोंडावर ठेवले. "अगं वेडे! हे काय बोलून बसलीस!"

सोनकीचा उजवा पाय उचलला गेला, मग डावा. ती थांबायला बघत होती, पण पाय ऐकेनात. कुठेही चालेल म्हणाली ना? मग चालू लागली! परीराज्यात दुसरा अर्थ कोणाला ठाऊक?

"लाटुली, थांबव गं मला!"

"मला नाही थांबवता यायचं!" परी मागून ओरडली. "तुला स्वतःला काय हवं ते म्हण, तेव्हाच पाय थांबतील!" एवढं बोलून ती घराच्या दिशेने सुसाट उडाली. सोनकी एकटीच उरली.

एकेका पावलात कोस मागे पडत होता. ढग सरले, घाट उतरला, नारळीची बनं आली. आणि समोर पहिला किनारा! वाळू पांढरीशुभ्र, रव्यासारखी मऊ. पाणी पोपटी, त्याच्यापुढे निळं, त्याच्याही पुढे जांभळं. दोन माडांमध्ये झोपाळा बांधलेला आणि सगळीकडे शांत, शांत.

"बाबांना हाच हवा होता," सोनकी म्हणाली. पण तिचे पाय थांबले नाहीत. ते बाबांचं हवं होतं ना!

पुढे दुसरा किनारा आला. काळ्या दगडाचं देऊळ, त्याच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. तांबड्या-निळ्या होड्यांच्या नाकांवर डोळे रंगवलेले. हिरव्या लुगड्यातल्या बायका जाळी विणता विणता गात होत्या. एकीने हाक मारली, "ये गो बाय, बस घटकाभर!" सोनकीला बसायचं होतं. पाय म्हणाले, छे!

"आत्याला हे किती आवडलं असतं," ती म्हणाली आणि पुढे गेली.

तिसऱ्या किनाऱ्यावर ऊन कलायला लागलं होतं आणि लोकांना दिवे लावायची घाई झाली होती. माडामाडांतून लाल, केशरी, गुलाबी कागदी कंदील हलत होते. ढोल घुमत होता. तव्यावर मासे चुरचुरत होते. फेर धरलेल्या मुलींमधल्या एकीने हात पुढे केला, "येतेस?" सोनकीनेही हात पुढे केला, पण बोटांना बोटं लागायच्या आत पाय तिला पुढे घेऊन गेले. एवढ्या गर्दीत तिला जितकं एकटं वाटलं, तितकं डोंगरावरच्या धुक्यातही कधी वाटलं नव्हतं.

"काका इथे नाचला असता," ती कशीबशी म्हणाली.

मग किनाराच संपला. पुढे नुसता समुद्र आणि पाण्याला टेकायला आलेला केशरी सूर्य. पाय थांबेनात. पाणी घोट्याशी आलं, मग गुडघ्याशी. सोनकी घाबरली. काहीतरी मागायला हवं होतं, स्वतःसाठी, आणि तेही आत्ता. पण तिला मागायची सवयच नव्हती. "हवं" हा शब्द तोंडातून निघेना. पाणी कमरेला लागलं. तेव्हा तिने डोळे गच्च मिटले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ती ओरडली,

"मला हवंय! मला सगळे हवेत! बाबांना झोपायला वाळू हवी, आत्याला देऊळ हवं, काकाला दिवे हवेत. आणि हे सगळं जवळजवळ हवं, हाक मारली की ऐकू जाईल इतकं जवळ! मला मध्ये बसायचंय! मला एकटीला नको, मला एकटीला मुळीच नको!"

पाय थांबले.

लाट आली आणि हळूच मागे गेली. मागून आवाज आला, "सोने! अगं सोने!" तिने वळून पाहिलं. बाबा पाण्यात धावत येत होते. मागे आत्या, लुगडं खोचलेलं, हातातली सुई तशीच हातात. तिच्यामागे एका पायात चप्पल घातलेला काका. बाबांनी सोनकीला उचललं आणि घट्ट धरलं. ते रडत होते, आणि लपवतही नव्हते.

"तुम्ही कसे आलात?" तिने विचारलं.

लाटुली तिच्या खांद्यावर उतरली. धावपळीने तिचे मोती कुठल्या कुठे गेले होते. "मी घरी जाऊन सांगितलं, पोर एकटी चालत निघाली आहे. आता पटकन बोला, कोणता किनारा हवा? तर तिघंही एका तोंडाने ओरडली, आमची सोनकी असेल तो! सूर्य अजून बुडायचा होता. नियमात बसलं की नाही?"

आणि किनारा? तो सोनकीने मागितला होता अगदी तसाच झाला. अर्धचंद्रासारखी छोटीशी खाडी. एका टोकाला शांत वाळू आणि झोपाळा, मधोमध काळं देऊळ आणि रंगीत होड्या, दुसऱ्या टोकाला कंदिलांच्या माळा. कुठूनही हाक मारा, ऐकू जायची. पहिल्याच संध्याकाळी चौघं एका चटईवर गोल बसून जेवली. वाढायला उठणाऱ्या सोनकीला आत्याने हात धरून खाली बसवलं.

चार दिवसांत गंमतच झाली. बाबांना दुसऱ्या दिवशी लोळून कंटाळा आला आणि ते देवळाच्या पायरीवर गाणी ऐकत बसले. आत्या कंदिलांखाली अशी नाचली की काकाने तोंडात बोट घातलं. आणि जागरणाच्या गप्पा मारणारा काका वाळूवर पालथा पडून घोरला. सोनकी मात्र कधी या टोकाला, कधी त्या टोकाला. वाळूचा किल्ला हवा, शंख हवा, आणखी एक मासा हवा! चार दिवस तिचं हवं-हवं काही संपलं नाही, आणि तिघांपैकी कोणालाही त्याचा कंटाळा आला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी लाटुली आली. "आता मला दुसऱ्या किनाऱ्यावर जायचंय," ती म्हणाली. तिने सोनकीच्या गालावर पंख टेकवले. एकदम सोनेरी, गुलाबी, चंदेरी लखलखाट झाला आणि वाळूवर मुठीएवढा उजेड थोडा वेळ नाचत राहिला. मग तोही विरला. सोनकीला वाईट वाटलं, रडूही आलं. पण या वेळी डोळे पुसायला सहा हात पुढे आले.

घाटाच्या पायथ्याशी चौघं थांबली. वर ढग बसलेले दिसत होते.

"चढ मोठा आहे," बाबा म्हणाले. "जाऊ या ना, सोने?"

सोनकीने बाबांकडे पाहिलं आणि दोन्ही हात वर केले.

"मला उचलून घ्या," ती म्हणाली.

"आठ वर्षांची घोडी, आणि उचलून?" आत्याने हसून विचारलं.

पण बाबांनी तिला केव्हाच खांद्यावर घेतलं होतं.