अनंताची पाटी

झाडं बोलायची आणि माणसं त्यांचं ऐकायचीही, त्या काळातली ही गोष्ट. रोपं विकणाऱ्या कोंडाबाई माळिणीने घाईघाईत सुवासिक अनंताच्या झाडाची पुठ्ठ्याची पाटी बिनवासाच्या तगरीच्या कुंडीत खोचली. तगर गप्प बसली. तिला सावलीतली जागा मिळाली, शिवाय अनंताला मानवतं म्हणून रोज आंबट ताक मिळू लागलं. ताकाने मुळं चुरचुरायची, पण मानासाठी ती प्यायची.

फुलांचे शौकीन दामूअण्णा रोज येऊन तिची पांढरी फुलं हुंगायचे. एकदा त्यांनी विचारलं, "वास कसा नाही गं?"

"अनंताचा वास जाणकारांनाच येतो," तगर म्हणाली.

"अहाहा! आला, आला!" अण्णा घाईने म्हणाले.

एका दुपारी कुंपण मोडून बकरी आत शिरली. "अनंताची कोवळी पानं खाऊन किती दिवस झाले!" म्हणत ती थेट तगरीपुढे उभी राहिली.

"अगं बाई, मी तगर!" तगर किंचाळली. "पान तोडून बघ, पांढरा चीक येईल. अनंताला चीक नसतो!"

बकरीने पान तोडलं. तोंडभर कडू चीक! थू थू करत तिने पाटीच चघळून टाकली आणि चालती झाली.

तेवढ्यात दामूअण्णा आले. तगरीने कबूल करून टाकलं, "अण्णा, मी अनंत नाही हो. साधी तगर आहे."

अण्णांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. "तुला काय कळतंय त्यातलं? जाणकार मी आहे की तू?"

कोंडाबाईला पैसे देऊन, कुंडी उचलून ते घरी गेले आणि दारातूनच ओरडले, "अगं, अनंत आणलाय! ताक आण, चांगलं तांब्याभर!"