तबकडीवरचे नाव

तबकडी म्हणजे घड्याळाचा आकडे असलेला दर्शनी भाग. घडवणाऱ्याचे नाव तिच्यावरच कोरतात.

दाजीबा तांबटांनी सात वर्षे एकेक चाक हाताने घासून महाराजांसाठी खिशातले घड्याळ घडवले. आपले नाव तबकडीवर असावे, एवढीच त्यांची इच्छा होती. दिवाणांनी मात्र स्वतःचे नाव कोरायला लावले.

“तांबटाचं नाव महाराजांच्या खिशात शोभेल का रे?” ते म्हणाले.

भर दरबारात घड्याळ पाहून महाराज दिवाणांवर प्रसन्न झाले. “वा! आतली करामतही दाखवा.”

दिवाणांनी मागे पाहिले. “दाजीबा, उघड.”

दाजीबांनी हत्यारांची पेटी दिवाणांपुढे सरकवली. “क्षमा असावी, साहेब. तबकडीवर ज्याचं नाव, त्यानंच घड्याळ उघडायचं, हा आमच्या धंद्याचा दंडक आहे. आपण उघडा, मी दिवा धरतो.”

दिवाणांनी चिमटा उलटा धरला. दरबार हसला.

महाराजांनी तिथेच नाव बदलवले, असे लोक सांगतात. ते खोटे आहे. महाराजही हसले, आणि घड्याळ खिशात टाकून उठले. नाव दिवाणांचेच राहिले. दाजीबांना त्याच आठवड्यात संस्थान सोडावे लागले.