सौश्रव मुनींनी मागितलेले भय

कृतयुग सरत आले होते आणि त्रेतायुगाचे पाऊल अजून उंबरठ्याच्या आत पडले नव्हते, त्या संधिकाळातील ही कथा आहे. विंध्याद्रीच्या दक्षिणेस, पयोष्णी नदी जिथे खडकांतून प्रथम प्रकट होते, तिथे साग, अंजन, अर्जुन आणि हिरडा यांच्या घनदाट राईंनी भरलेले एक महारण्य होते. त्याच्या सीमेवर कोणी कोट बांधला नव्हता की खंदक खणला नव्हता. पळसवृक्षांची एक रांग होती, एवढेच. त्या रांगेच्या आत साक्षात वनदेवी अरण्यानीची सत्ता चाले. तिथे कोणी धनुष्याला प्रत्यंचा चढवली तर ती तत्क्षणी तुटे आणि चढवणाऱ्याचा हात जन्मभर लुळा पडे. रांगेच्या बाहेर मात्र जगाचा व्यवहार जसा असतो तसाच होता.

या अरण्यात श्वेतकर्ण मृगांचा कळप राहत असे. तांबूस कांतीचे, शुभ्र कानांचे ते मृग पहिला वणवा विझल्यावर देवीने ढाळलेल्या अश्रूंतून जन्मले होते, आणि त्यांचे दर्शन घडले की शोकाकुल मनुष्याच्या काळजातली आग निवत असे. एक गोष्ट मात्र इथेच ध्यानात धरली पाहिजे. त्या काळी हरणांना माणसाचे भय नव्हते. संकोच होता. मनुष्य दिसला की शंभर पावलांचे अंतर राखून ती उभी राहत, आणि मर्जी फिरली की शांतपणे झाडीत निघून जात. धावत ती कधीच नसत.

अरण्याच्या मुखाशी, दोन जुनाट अंजनवृक्षांजवळ, सौश्रव मुनींचा आश्रम होता. तपोबलाने त्यांची वाणी सिद्ध झाली होती. तरी त्यांना क्रोध असा ठाऊक नव्हता, आणि दुसऱ्याचे अश्रू पाहिले की त्यांचा जीव गलबलून जाई. त्यांची पत्नी धृतमती हिचे मन तितकेच कोमल होते, पण जीभ तिखट होती. आश्रमाचा सारा भार तिनेच पेलला होता, असे म्हणण्यास हरकत नाही. या दांपत्यास अपत्य नव्हते.

देवीने मुनींना अरण्याच्या द्वाराचे रक्षण सोपवले, तेव्हा ती म्हणाली होती, “वत्सा, शोकाने पोळलेल्यांना मी परत पाठवणार नाही. पण दिवसाला बाराच जण आत येतील. अनवाणी येतील, मौन धरून येतील, फुलांचा वा चंदनाचा गंध अंगावर नसेल. एकाच पायवाटेने जातील आणि दुसरा प्रहर संपण्यापूर्वी परततील. आणखी एक. दर्शन होईलच, असे वचन कोणालाही देऊ नकोस. समोर यायचे की नाही, हे ज्याचे अरण्य त्याने ठरवायचे.”

मुनींनी मस्तक नमवून ही आज्ञा स्वीकारली आणि वीस वर्षे ती अक्षरशः पाळली.

या काळात एकदा आई हरवलेले एक पाडस आश्रमाच्या अंगणात येऊन पडले. धृतमतीने त्याला गोठ्यातल्या गाईचे दूध पाजले, मुनींनी त्याला आपल्या वल्कलात निजवले आणि त्याचे नाव दूर्वा ठेवले. ते चरू लागले, तेव्हा देवीने स्पष्ट सांगितले, “आता हिला हात लावू नका. ही कळपाची आहे.” मुनींनी डोळे पुसत तिला सोडून दिले. पुढे मोठी झालेली दूर्वा कळपाबरोबर दिसे, शंभर पावलांवर थांबे, मान वळवून क्षणभर मुनींकडे पाही आणि मग इतरांमागून जाई. तो एक क्षण मुनींना वर्षभर पुरत असे.

एके वर्षी शिशिरात दूर समुद्राकाठची एक स्त्री आली. तिचे एकुलते एक मूल पाण्यात गेले होते. तीन दिवस ती बारा जणांत सामील होऊन अरण्यात गेली, आणि तिन्ही दिवस कळप फिरकला नाही. चौथ्या दिवशी ती मुनींच्या पायांशी येऊन म्हणाली, “महाराज, देवालासुद्धा माझं तोंड बघवत नाही, असंच ना?” आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेली. तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मुनी उभे होते. त्या दिवशी त्यांना अन्न गेले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुनींनी कोठारातून मूठभर नीवार, म्हणजे रानभाताचे दाणे, घेतले, आणि पायवाटेच्या पहिल्या वळणावर, जिथे दर्शनार्थी बसत, तिथून वीस पावलांवर पसरले. तिसऱ्या दिवशी कळप आला. सर्वांत पुढे दूर्वा होती.

धृतमतीपासून काही लपून राहिले असते तर नवलच. मुनींचे उत्तरीय झटकताना तिला कोंडा सापडला. ती म्हणाली, “मुनिवर, आपण आजकाल अरण्याला जेवण घालता की काय?”

“धृतमती, मी कोणता नियम मोडला? बाराच जण जातात, मौन पाळतात, वाट सोडत नाहीत. दुःखिताला रिक्त हस्ताने परतवणे हा कुठला धर्म?”

“दर्शन व्हायचे की नाही, हे कोणी ठरवायचे होते?” तिने विचारले.

“ते आपणहून येतात.”

“दाण्यासाठी येतात, स्वामी. दोन्हींत भेद आहे. आपण मोठे ज्ञानी, तो मी आपल्याला सांगावा असे नाही.”

मुनी नुसते हसले. खरे सांगायचे तर त्यांना यात लबाडी दिसतच नव्हती. लोक रडत येत आणि निवून परत जात, हे त्यांना प्रत्यक्ष दिसत होते. शिवाय दूर्वा आता वीस पावलांवर येत होती, पुढे दहावर, आणि एका वसंतात तिने त्यांच्या ओंजळीतून दाणे खाल्ले. तिच्या ओल्या नाकपुड्या तळहाताला लागल्या तेव्हा त्या वृद्ध तपस्व्याच्या डोळ्यांत पाणी तरारले. हात लावू नका, ही आज्ञा त्यांना त्या क्षणी आठवली होती. पण आपण कुठे हात लावला, तिनेच लावला, असे त्यांनी मनाशी म्हटले. विद्वान माणसाला पळवाट शोधायला फार लांब जावे लागत नाही.

सौश्रवांच्या अरण्यात दर्शन चुकत नाही, ही वार्ता नगरोनगरी पसरली. मग काय विचारता! बाराचे चोवीस झाले, चोवीसांचे शंभर झाले. दूरवरून आलेल्यांना नाही कसे म्हणावे, या भिडेपोटी दुसऱ्या प्रहराची मर्यादा चौथ्यावर गेली. शोकाकुलांबरोबर ज्यांना कसलाही शोक नव्हता अशी माणसे येऊ लागली. येताना नटूनथटून येत, पाडसांना उचलून घेत आणि मौनाचा नियम सांगितला की हळू आवाजात बोलत. पायवाट रुंदावली, तिच्या कडेचे गवत मुळासकट गेले. पयोष्णीचा उगम गढूळ झाला. कळपाने पहाडावरचे चरणे सोडले आणि तो दिवसभर वळणापाशी रेंगाळू लागला. त्या वर्षी पाडसे थोडी जन्मली.

“स्वामी,” धृतमती एकदा म्हणाली, आणि या वेळी तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती, “आपण द्वारपाल होतो. आता आपण यजमान झालो आहोत. आलेल्याचे मन मोडू नये म्हणून आपण जे मोडतो आहोत, ते आपले नाही.”

“पुढच्या शरदात सारे पूर्ववत करीन,” मुनी म्हणाले. ते मनापासून म्हणाले होते, आणि म्हणूनच तिला अधिक वाईट वाटले.

त्या दिवसांत उत्तरेकडचा राजा उग्रवेग दर्शनास आला. मृगयेत त्याचा हात धरणारा पृथ्वीवर कोणी नव्हता. व्याघ्र, वराह, गवे त्याने लोळवले होते, परंतु श्वेतकर्ण मृग पळसांची रांग ओलांडून कधी बाहेर येत नसत, ही एक खंत त्याच्या मनात घर करून होती. तो तीन वेळा आला. शस्त्र बाहेर ठेवून आला, अनवाणी आला, सर्व शंभर जणांत त्याचेच मौन खरे होते. मुनी त्याच्यावर प्रसन्न झाले. तो हरणांकडे पाहत नव्हता, मुनींच्या हाताकडे पाहत होता, हे फक्त धृतमतीने पाहिले.

शरद ऋतू आला. एके सकाळी वळणावर कळप नव्हता. मुनींनी हाक घातली, ओंजळ पुढे केली, वाट पाहिली. मग त्यांना जमिनीवर एक दाणा दिसला, त्यापुढे दुसरा, त्यापुढे तिसरा. ते त्यांच्या कोठारातले नीवार नव्हते, अधिक पांढरे, राजशेतातले तांदूळ होते. दाण्यांची ती रेघ अरण्यातून पश्चिमेकडे, थेट पळसांच्या रांगेकडे गेली होती.

मुनी धावत सुटले. पळसांच्या पलीकडे माळ होता, आणि त्या माळावर श्वेतकर्ण मृग पडले होते. कोणी पाठमोरे पडलेले नव्हते, कारण कोणी पळालेच नव्हते. कित्येकांच्या तोंडात दाणे होते. मधोमध आपल्या रथावर उग्रवेग उभा होता.

मुनींनी विचारले, “राजा, काय केलेस हे?”

“मुनिश्रेष्ठ, सीमेच्या आत मी धनुष्याला स्पर्शही केला नाही,” राजा शांतपणे म्हणाला. “माझा हात पाहा, लुळा पडलेला नाही. देवीचाही मजवर रोष नाही. चाळीस वर्षे मी मृगया करतो आहे, परंतु माझ्या पावलांचा आवाज ऐकून जवळ येणारा मृग मी आज प्रथम पाहिला. यात माझे कौशल्य काही नाही. ही विद्या आपली.”

इतक्यात मुनींच्या मागे पाचोळा वाजला. दूर्वा येत होती. चार दिवसांपूर्वी व्यायल्यामुळे ती सकाळी कळपाच्या मागे राहिली होती. आता पाडसाला पोटाशी घेऊन ती दाणे टिपत टिपत रांगेकडे चालली होती. पलीकडे राजाच्या सेवकांनी धनुष्ये सज्ज केली.

“मागे जा,” मुनी ओरडले. तिने मान वर केली आणि ओळखीच्या आवाजाकडे येऊ लागली. त्यांनी हात उगारले, ती थांबली नाही. शेवटी त्यांनी एक दगड उचलला आणि काळजावर दगड ठेवूनच तो फेकला. दगड तिच्या पुढ्यात पडला. दूर्वेने तो हुंगला. या हातातून जे पडते ते खायचे असते, एवढेच तिला शिकवलेले होते.

तेव्हा त्या क्रोधरहित मुनींनी कमंडलूतील जल तळहातावर घेतले आणि त्यांचे ओठ हलले. राजा प्रथमच विवर्ण झाला. त्याच क्षणी पळसांच्या पानांत खळबळ झाली आणि अरण्यानी प्रकट झाली. तिचे केस मोकळे होते आणि मुख काळवंडलेले होते.

“थांब,” ती म्हणाली. “तुझे तप थोर आहे, हा शाप व्यर्थ जाणार नाही. पण शाप पहिल्या अपराध्याकडे जातो. या अरण्यात पहिला दाणा ज्याच्या हातून पडला, त्याच्याकडे तो जाईल. राजा त्याच्या कर्माने मरेल, त्याची चिंता तू करू नकोस. हे जल शापाला वापरशील, की वराला?”

मुनींनी एकदा माळाकडे पाहिले आणि एकदा दूर्वेकडे. रांग आता चार पावलांवर होती.

“यांना माणसाचे भय दे, माते,” ते म्हणाले.

“नीट विचार कर. भय एकदा दिले की ते निवडानिवड करत नाही. राजाचे वाटेल, सेवकांचे वाटेल, समुद्राकाठच्या त्या आईचेही वाटेल. आणि तूही माणूसच आहेस.”

“ठाऊक आहे,” मुनी म्हणाले, आणि त्यांनी जल सोडले.

दूर्वेचे दाणे टिपणे थांबले. तिने मान वर केली. तिचे दोन्ही शुभ्र कान ताठ झाले, आणि ती मुनींकडे पाहू लागली, जशी पूर्वी शंभर पावलांवरून पाहत असे तशी. तिच्या डोळ्यांत ओळख होती. मुनींनी ती पाहिली. मग त्याच डोळ्यांत दुसरेच काही भरून आले, तिचे अंग थरथरले, आणि पाडसासह ती उडी घेऊन अरण्यात दिसेनाशी झाली. तिला धावताना मुनी प्रथमच पाहत होते. राजसेवकांचे बाण पळसांच्या बाहेरच पडले.

उग्रवेगाचे पुढे काय झाले, हे सांगण्यात रस नाही. पापी माणसाचे व्हायचे ते झाले. अरण्यात पुन्हा बाराच जण जाऊ लागले, आणि त्यातले अकरा जण काही न पाहता परत येत. धृतमती प्रत्येकाला द्वारापाशी थांबवून सांगे, “दर्शन होईल असे नाही. तरी जायचे असेल तर पादत्राणे इथे ठेवा.” मुनींना तिने एका शब्दानेही दोष दिला नाही. त्याचा त्यांना अधिक त्रास झाला. त्यानंतर अठरा वर्षे ते जगले, रोज पहाटे वळणावर जाऊन रित्या हातांनी बसत, आणि दूर कुठेतरी पळत्या खुरांचा आवाज आला की उठून परत येत.

या कथेच्या श्रवणाने पुण्य लागते की नाही, ते मला ठाऊक नाही. एवढे मात्र कोणीही पाहू शकतो. रानात हरिण अवचित समोर आले तर ते लगेच पळत नाही. क्षणभर उभे राहते, कान टवकारते, आपल्या तोंडाकडे नीट पाहते. ओळखीचे कोणी आहे का, एवढे ते पाहून घेते, आणि मग पळते.