न्यायसभेचा उंबरठा

एका राज्यात कायद्याचा ग्रंथच नव्हता. हसू नका, राज्य उत्तम चालले होते. थोडा कायदा जुन्या राजांच्या ताम्रपटांवर होता, थोडा न्यायाधीशांच्या निवाड्यांत आणि उरलेला माणसांच्या वागण्यात. राजा वज्रबाहू मनाने निर्मळ, पण कानाचा हलका होता.

विकटनाद नावाचा एक मांत्रिक गोड बोलून त्याचा प्रधान झाला. प्रधानाच्या बागेतली डाळिंबे चोरल्याचा आळ हंसराज नावाच्या विणकरावर आला. त्याला तडक अंधारकोठडीत टाका, असा विकटनादाने हुकूम केला. वृद्ध न्यायाधीश सोमशर्मा आडवे आले.

"आधी त्याचे ऐकायचे, मग शिक्षा."

"कुठे लिहिले आहे?" विकटनादाने विचारले.

राजाला वाटले, खरेच की, लिहिलेला नाही तो कायदा कसला? त्याने मान डोलावली, आणि मांत्रिकाला तेवढेच हवे होते. त्याने मूठभर भस्म फुंकले. भर न्यायसभेत न्यायाधीश आणि विणकर दोघेही दगड झाले.

हंसराजाची बायको कुमुदा धावत आली. विकटनाद तिला म्हणाला, कायदा आणून दाखव, जेवढा आणशील तेवढा दगड विरघळेल. मात्र तिसऱ्या दिवशी सूर्य मावळला की दगड तो दगडच. कुमुदेने नवऱ्याच्या थंडगार गालावर हात ठेवला आणि ती पदर खोचून निघाली.

पहिल्या दिवशी ती निळ्या तळ्यात उतरली. तळाशी एक मगर ताम्रपटावर बसली होती. मगरीचे सगळे दात कुमुदेने मोजून दाखवायचे, या बोलीवर तिने तो दिला. 'ऐकल्यावाचून कोणास कोंडू नये,' असे राजाच्या पणजोबांचे वचन त्यावर कोरले होते. दोन्ही पुतळ्यांना गुडघ्यापर्यंत जीव आला. पण विकटनाद म्हणाला, एका राजाने दिलेला शब्द, पुढे पाळला कोणी?

दुसऱ्या दिवशी ती सात डोंगरांपलीकडच्या वडावर राहणाऱ्या म्हाताऱ्या मैनेकडे गेली. मैनेला राज्यातले सारे निवाडे तोंडपाठ होते. कुमुदेच्या खांद्यावर बसून ती न्यायसभेत आली आणि तीनशे बारा निवाडे तिने न अडखळता म्हटले. मध्ये एकदा पाणी मागितले, एवढेच. प्रत्येक आरोपीचे आधी ऐकून घेतले गेले होते. दोघांना गळ्यापर्यंत जीव आला.

विकटनाद चडफडला. "हे झाले प्रजेचे. पण राजाने न्यायापुढे वाकावे, हे कोणत्या पटावर आहे?"

तिसरा दिवस सरत आला. तळी धुंडाळून झाली, मैनेलाही विचारून झाले. असे मला कोणी कधी सांगितलेच नाही, असे मैना खाली मान घालून म्हणाली. कुमुदेला रडू कोसळले. मग डोळे पुसून ती रिकाम्या हातांनीच राजवाड्यात गेली.

"महाराज, एकदा न्यायसभेत येऊन माझे ऐका."

राजा उठला आणि तिच्यामागून चालत आला. न्यायसभेच्या उंबरठ्याशी तो थांबला. त्याने मस्तकावरचा मुकुट उतरवला, द्वारपालाच्या हाती दिला आणि बोडक्या डोक्याने आत पाऊल टाकले.

"मुकुट घाला, महाराज," विकटनाद किंचाळला. "तो काढावा असे कुठे लिहिले आहे?"

राजा गोंधळून म्हणाला, "कुठेच नाही. आजोबा काढत, वडील काढत. मुकुटासह आत यायची मला लाजच वाटेल."

त्याच क्षणी पुतळ्यांच्या पापण्या लवल्या आणि दोघेही पुरते जिवंत झाले. विकटनादाच्या झोळीतले भस्म साधी राख झाले.

लोकांनी एकच जल्लोष केला. सोमशर्मांनी घसा खाकरला आणि ते हंसराजाला म्हणाले, "हं, आता सांग."

"पाच डाळिंबे घेतली, महाराज. खोटे का बोलू?"

महिनाभर त्या बागेला पाणी घालावे, असा निवाडा झाला. आनंदाच्या भरात राजा शिक्षा माफ करायला उठला, पण सोमशर्मांनी नुसते त्याच्याकडे पाहिले आणि तो मुकाट्याने खाली बसला. विकटनादाला तिथेच कोंडा, असे लोक ओरडले. तेही जमेना, कारण त्याचेही आधी ऐकायला हवे होते. त्याला उद्याची तारीख मिळाली.

कुमुदा हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते.

"घाला पाणी महिनाभर," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमचे ऐकून घेतले, आता माझी काही तक्रार नाही."

जसे हंसराजाचे ऐकून घेतले गेले, तसे तुमचे-आमचेही घेतले जावो.