वळणाखाली कोण बसणार?

घाटातल्या एका जंगलात ओंडके वाहणारी एक छोटी आगगाडी होती आणि तिच्यावर अधिकारी म्हणून एक गवा नेमलेला होता. गवा नाकासमोर चालणारा. इतरांनीही त्याच्याच नाकासमोर चालावे, एवढीच त्याची अपेक्षा असे.

मुलांनो, त्या इंजिनाला गाडी ओढणारी मोठी चाके होती आणि त्यांच्या पुढे दोन लहान चाके. लहान चाके काहीच ओढत नसत. मात्र रूळ वळला, की ती बाजूला सरकत, आधी स्वतः वळत आणि अवजड इंजिनाचे तोंड वळणाकडे फिरवत. गव्याला त्यातले फक्त सरकणे दिसले. काम न करता डुलणे ही बेशिस्त आहे, असे म्हणून त्याने चाकांच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकवल्या. सरळ रुळावर इंजिन झोकात धावले. माकडांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना नेमलेच त्यासाठी होते.

पुढे वळण होते आणि वळणाखालच्या उतारावर एका घोरपडीचे बीळ. बिळात अंडी होती. त्या फेरीला डबे रिकामे होते, तरी वळणावर पुढचे चाक रुळाच्या माथ्यावर चढले. चालक अस्वलाने वेळीच ब्रेक दाबला, म्हणून निभावले. खडी घसरत बिळाच्या तोंडाशी आली. घोरपडीने तक्रार केली, तेव्हा गव्याने तिला बीळ हलवायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी ओंडक्यांनी भरलेली गाडी निघाली, तर वळणाच्या अलीकडे घोरपड रुळाला घट्ट धरून पडलेली. अस्वलाने गाडी थांबवली. गव्याने खाली उतरून आधी समजावले, मग दरडावले, मग प्रगतीवर भाषण केले. शेपटी ओढणाऱ्या माकडांचे हात सोलले, पण पकड सुटली नाही.

"बाई, गाडी पडणार नाही, याची मी हमी देतो," गवा म्हणाला.

"मग माझ्या बिळापाशी जाऊन बसा, साहेब," घोरपड म्हणाली. "तुम्ही बसलात, की मी उठते."

गव्याने वाकून उतार पाहिला. मग वळून ओंडके पाहिले. आपल्याला ऊन सोसत नाही, हे त्याला एकाएकी आठवले आणि तो सावलीत निघून गेला. अस्वलाने कोणालाही न विचारता घण उचलला आणि पाचरी उडवल्या. तेव्हा कुठे घोरपड उठली.

गाडी वळणावर आली. लहान चाके सरकली, मागून मोठी मुकाट वळली. घोरपड बिळाच्या तोंडाशी बसून शेवटचा डबा जाईपर्यंत पाहत राहिली. तिने कोणाचेही आभार मानले नाहीत.

तात्पर्य : वळणाची हमी देणाऱ्याला आधी वळणाखाली बसायला सांगावे, आणि तो बसेपर्यंत रूळ सोडू नये.