ठकूआक्काचा चुकलेला धडा

एका उंच डोंगरावर धनगरांच्या सात वाड्या होत्या. माणसं थोडी, मेंढरं फार आणि त्या मेंढरांना राखायला कुत्री. लांडग्याची चाहूल माणसाच्या आधी कुत्र्याला लागायची, म्हणून तिथं कुत्र्याला घरातलंच एक माणूस समजत. सकाळची पहिली भाकरी त्याची, मग धन्याची.

या सातही वाड्यांतल्या कुत्र्यांचं दुखणंखुपणं बघणारी एकच बाई होती. तिचं नाव ठकूबाई, पण लहानथोर सगळे तिला ठकूआक्का म्हणत. ही विद्या ती बापाकडून शिकली होती. तिचा हात इतका हलका, की चावरं कुत्रंही तिच्यापुढं मान टाकून पडायचं. पण तिची वाडी डोंगराच्या एका टोकाला आणि शेवटची वाडी दुसऱ्या टोकाला. मधे ओढे, कडे, करवंदीच्या जाळ्या. शिवाय आता आक्काचे गुडघेही बोलायला लागले होते.

एकदा एक मेंढका लांडग्यानं फाडलेलं कुत्रं खांद्यावर टाकून दोन कोस पळत आला. आक्कानं हात लावला तेव्हा ते गार पडलं होतं. जखम होती फक्त चार बोटांची.

"अरे, वाटेत फडकं घट्ट दाबून का नाही धरलंस?" आक्का कळवळून म्हणाली.

"मला काय ठाऊक, आक्का? मला वाटलं, जेवढं जोरात पळू तेवढं बरं."

औषध आक्काजवळ होतं, पण कुत्रं तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच मरत होतं. मग या विद्येचा उपयोग काय? दुसऱ्या दिवशी ती पाटलांकडं गेली.

"पाटील, प्रत्येक वाडीतली दोन माणसं मला द्या. सात दिवसांत मी त्यांना शिकवते. बरं करायचं नाही, फक्त माझ्यापर्यंत जिवंत कसं आणायचं, एवढंच."

पाटलांना गोष्ट पटली. दसरा झाला की कळप घाट उतरून कोकणाकडं जायचे. त्याच्या आधी शिकवणी उरकायची असं ठरलं.

बोलून तर आली, पण आक्काची झोपमोड सुरू झाली. काय शिकवायचं आणि काय गाळायचं? तिला दोनशे झाडपाले ठाऊक होते. पण घाबरलेल्या माणसाच्या लक्षात राहतात त्या चार-पाचच गोष्टी. तिनं एकेक वनस्पती बाजूला काढली. उरले पाच धडे: रक्त थांबवणं, मोडलेल्या हाडाला आधार देणं, उन्हानं कोसळलेल्याला गार करणं, साप चावला तर चालू न देता झोळीतून आणणं आणि बेशुद्ध पडलेल्याला सावध करणं. सरावासाठी तिनं गोणपाट शिवून त्यात पेंढा भरला आणि पेंढ्याचा कुत्रा केला. त्याच्यावर पट्टी बांधून बघायची, सोडायची, पुन्हा बांधायची. मनात एकच घोर लागलेला, 'माझा एक शब्द वाकडा गेला, तर तो सात वाड्यांत वाकडा जाईल.'

चौदा माणसं आली. आधी पेंढ्याच्या कुत्र्याला बघून खूप हसली. मग आक्कानं शिकवायला सुरुवात केली आणि हसू थांबलं. दुखावलेलं कुत्रं आपल्या धन्यालाही चावतं, म्हणून आधी मऊ फडक्यानं तोंड बांधा. पण धापा टाकत असेल तर मुळीच बांधू नका. फडकं रक्तानं भिजलं तरी काढू नका, वरून दुसरं ठेवा. चौदाही जणांच्या बोटांना हे वळण लागेपर्यंत तिनं कुणाला सोडलं नाही.

पाचव्या धड्याच्या वेळी ती म्हणाली, "शुद्ध हरपली, की वाटीभर गूळपाणी तोंडात ओतायचं."

शेवटच्या वाडीची हौसा म्हणून एक तरणी बाई होती. तिनं विचारलं, "आक्का, शुद्ध नाही तर ते गिळणार कसं?"

आक्का क्षणभर अडखळली. तिनं हे कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. पण चौदा जण तिच्या तोंडाकडं बघत होते. "माझ्या बापापासून चालत आलंय गं," ती जरा तुटकपणे म्हणाली, आणि हौसा गप्प बसली.

शिकवणी संपली. पंधरवड्यातच एक बातमी आली: तिसऱ्या वाडीतल्या कुत्र्याला रानडुकरानं फाडलं होतं, पण दाबून धरलेल्या फडक्यानं ते तगलं. मग दुसरी बातमी आली. वाटेत भेटलेल्या बाया आक्काच्या पाया पडू लागल्या. शेजारच्या डोंगरावरून निरोप आला, 'आमच्याकडंही शिकवायला या.' पाटलांनी ठरवलं, की जत्रेच्या दिवशी शेजारच्या पंचांसमोर आक्काला शाल पांघरायची.

जत्रेला चार दिवस उरले असताना, भर दुपारी, दुसऱ्या वाडीतून शिकवणीला आलेले धुळाबा आपल्या कबऱ्या कुत्र्याला झोळीत घालून आले. धुळाबा एकटे होते. बायको गेली होती, लेक सासरी होती, घरात बोलायला होता तो हा कबऱ्याच. आश्विनातल्या उन्हानं तो माळावर कोसळला होता.

"तुम्ही सांगितलंत तस्सं केलं, आक्का," धुळाबा धापा टाकत म्हणाले. "सावलीत नेला. पोटावर, पायांवर पाणी मारलं. मग गूळपाणी ओतलं. तो उठून उभा राहिला बघा! पण तेव्हापासून खोकतोय."

आक्कानं कबऱ्याच्या फासळ्यांना कान लावला. आत भरत्या घागरीसारखी गुडगुड ऐकू आली.

तिनं येतं ते सगळं केलं. दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत कबऱ्या गेला.

धुळाबांनी डोळे पुसले आणि हात जोडले. "तुम्ही शिकवलंत, म्हणून निदान आणखी एक दिवस माझ्या मांडीवर राहिला. उपकार झाले, आक्का."

आक्काला त्या जोडलेल्या हातांकडं बघवेना. कबऱ्या उन्हानं मेलाच नव्हता. उन्हातून धुळाबांनी त्याला वाचवला होता. तो मेला छातीत गेलेल्या गूळपाण्यानं.

ते गेल्यावर ती ओट्यावर बसली, आणि कितीतरी वर्षांनी तिला बाप नीट आठवला. हातात वाटी घेऊन बसलेला. बसलेला! कुत्र्यानं स्वतःहून मान उचलून जीभ बाहेर काढेपर्यंत तो हललासुद्धा नव्हता. तेवढ्या पोरवयात तिला वाटी तेवढी दिसली होती, वाट बघणं दिसलं नव्हतं. आणि तिनं अर्धाच धडा चौदा जणांच्या हाती दिला होता.

ती तडक पाटलांकडं गेली आणि सगळं सांगितलं. पाटील मिशीवरून हात फिरवत म्हणाले,

"आक्का, कबऱ्या म्हातारा होता. ऊन भयंकर होतं. कुणाच्या मनात काही नाही. पुढच्या शिकवणीत तो धडा हळूच बदला, म्हणजे झालं."

"पण आधीच्या चौदांचं काय?"

"त्यांना 'मी चुकले' म्हणून सांगितलंत, तर ते पाचही धडे टाकून देतील. फडकंसुद्धा दाबणार नाहीत. मग कुत्री जास्त मरतील की कमी, तुम्हीच सांगा."

पाटील वाईट माणूस नव्हते आणि त्यांचं बोलणं खोटंही नव्हतं. आक्का घराकडं वळली. गप्प राहावं? तीन दिवसांनी शाल अंगावर पडेल, शेजारच्या डोंगरावर बरोबर धडा जाईल. कुणाला कळणारही नाही.

तेवढ्यात खालच्या वाटेनं मेंढरांच्या घंटा ऐकू आल्या. कुणाचा तरी कळप घाटाकडं निघाला होता. पुढं कुत्रं पळत होतं आणि मागं धन्याच्या खांद्यावर घोंगडं, कमरेला पाण्याचा भोपळा आणि गुळाची पुरचुंडी. आक्कानंच सांगितलं होतं, गूळ जवळ ठेवत जा म्हणून.

ती पुरचुंडी दिसताच आक्का तशीच खाली उतरली. तिनं वाट अडवली. त्या मेंढक्याला थांबवून म्हणाली, "बाबा, पाचवा धडा चुकला माझा. शुद्ध नसताना गूळपाणी ओतू नकोस." तो गेल्यावर तिनं काठी घेतली आणि दुसऱ्या वाडीची वाट धरली. तिथं जाणं सगळ्यांत अवघड होतं, म्हणून तिथंच आधी जायचं.

धुळाबा अंगणात बसले होते. आक्कानं बसायलाही न थांबता सांगून टाकलं.

धुळाबांचा चेहरा दगडासारखा झाला. "म्हणजे मी मारला त्याला? माझ्या हातानं?"

"हात तुमचा होता, धुळाबा. शब्द माझा होता. दोष शब्दाचा."

"सकाळी हे ठाऊक होतं तुम्हाला? मी हात जोडले तेव्हा?"

"होतं," आक्का म्हणाली. "तोंड उघडलं नाही माझं."

धुळाबा उठले, आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. आक्कानं काठी उचलली. मग पुढं निघाली.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ती वाडीवाडीला फिरली. गुडघे सुजले. एका वाडीत एक जण म्हणाला, "आता हे चुकलं म्हणता, उद्या फडकं दाबायचं तेही चुकलं म्हणाल." आक्काकडं रागवायला जागाच नव्हती. ती म्हणाली, "फडकं दाबून वाचलेलं कुत्रं तिसऱ्या वाडीत आहे, जाऊन बघ. गूळपाण्यानं गेलेलं दुसऱ्या वाडीत पुरलंय, तेही बघ. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, त्या दोघांवर ठेव." तो गुरगुरला, पण ऐकून घेतलं. मग तिनं नवा धडा दाखवला: बेशुद्ध कुत्र्याला कुशीवर निजवा, तोंड जरा उताराला ठेवा, जीभ बाहेर ओढा, आणि ते स्वतः मान उचलून चाटेपर्यंत थेंबही देऊ नका.

सहा वाड्या झाल्या. शेवटच्या वाडीच्या चढाखाली ती पोचली तेव्हा कळलं, की हौसाचा कळप सकाळीच घाट उतरून गेला. हौसाच्या कमरेलाही गुळाची पुरचुंडी असणार. आक्काच्या पायांत आता घाट उतरण्याचं त्राण नव्हतं.

वरून एक म्हातारी सरपण घेऊन येत होती. तिनं आक्काचं रडवेलं तोंड बघून विचारलं, आणि ऐकून म्हणाली, "अगं, मग तो दुसऱ्या वाडीचा धुळाबा त्याच्यासाठीच पळत गेला होय! मगाशी आडवाटेनं घाट उतरला. मी हाक मारली तर म्हणाला, 'हौसा ओढ्यावर थांबली असंल तोवर गाठायचीय तिला.'"

आक्कानं पदर तोंडाला लावला आणि पोटभर रडली.

जत्रा आली. आक्कानं शाल घेतली नाही. पाटलांनीही आग्रह केला नाही. आठवडाभर लोक तिच्याकडं जरा चोरून बघत राहिले. दोन घरांनी कुत्री तिच्याकडं आणायचंही थांबवलं. मग घाटाखालून निरोप आला. हौसाची कुत्री चांदी उन्हानं भोवळ येऊन पडली होती. हौसानं तिला ओढ्यात भिजवलं, कुशीवर निजवलं, आणि पाण्याची वाटी हातात धरून बसून राहिली. सूर्य कलायला आल्यावर चांदीनं मान उचलली, मग ती पाणी प्यायली. आता कळपाच्या पुढं धावते आहे.

शिकवणीचं ठरवायला शेजारच्या डोंगरावरचे पंच पुन्हा आले. पाटलांनी काचकूच करत त्यांना जत्रेतच सगळं सांगून टाकलं होतं. त्यांतला सगळ्यांत वयस्कर माणूस म्हणाला, "आमच्याकडं वैदू पुष्कळ आहेत, पाटील. आपण कुठं चुकलो ते सांगत सात वाड्या फिरलेला त्यांत एकही नाही. आम्हाला याच बाई हव्यात."

नव्या शिकवणीला वीस जण जमले. चार धडे आक्कानं शिकवले, आणि प्रत्येक धड्यापाशी थांबून म्हणाली, "असं का, हे कळलं नाही तर मला तिथंच अडवा. मी रागावले तरी अडवा." पाचव्या धड्याला ती उठणार, तोच मागून धुळाबा पुढं आले. त्या दार लावण्यानंतर ते आक्काशी बोलले नव्हते.

"हा मी शिकवतो, आक्का," ते म्हणाले. मग लोकांकडं वळून, दोन्ही हात पुढं करून त्यांनी सुरुवात केली, "माझा एक कुत्रा होता. कबऱ्या नावाचा. तो उन्हानं पडला, तेव्हा या हातांनी काय केलं, ते आधी ऐका..."

आक्का लोकांमध्ये जाऊन बसली आणि शिकणाऱ्यांसारखी मान वर करून ऐकू लागली.

तात्पर्य: शिकवणाऱ्याची चूक एकट्या त्याची राहत नाही, ती शिकणाऱ्यांच्या हातांनी घडत जाते, म्हणून चूक कळताच मान जपू नये, आधी ते हात थांबवावेत.